कंबर चिडते का?

ठाण्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मुख्य भाग इथे देते.

"ताई, मी २९ वर्षांची आहे, तेव्हा मला 'तू'च म्हणा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या क्लिनिकमध्ये कंबरदुखीच्या पेशंटना द्यायचं एक माहितीपत्रक आहे, मूळ इंग्रजीत. त्यात एका मथळ्यात 'ॲग्रव्हेट' हे क्रियापद आहे, म्हणजे दुखणं कशामुळे ॲग्रव्हेट होतं त्याची यादी. मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. हाताशी वेळ नव्हता, म्हणून फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये घातलं. मथळा आला, 'तुमच्या वेदनेला चिडवणाऱ्या गोष्टी'. मला जरा खटकलं, पण तसंच छापायला गेलं. आमच्याकडे येणाऱ्या एक काकू आहेत, ६१ वर्षांच्या. पत्रक वाचून त्या म्हणाल्या, 'म्हणजे मी चिडते म्हणून माझी कंबर दुखते, असंच ना? घरी सगळे तेच म्हणतात. आता तुम्ही छापूनच दिलंत.' मला वाटलं, गमतीनं म्हणताहेत. मी हसले. त्यानंतरच्या दोन्ही वेळा काकू आल्या नाहीत. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, 'इंग्रजी शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, चिडवणं आणि बिघडवणं. मराठीतही पित्त खवळतं आणि माणूसही खवळतो. मग यात चुकलं काय?' नवरा म्हणतो, ॲग्रव्हेटचा 'चिडवणं' हा अर्थच मुळात चुकीचा आहे, शाळेत तसं शिकवलं होतं. यात बरोबर कोण? पत्रकात कोणता शब्द घालू? आणि काकूंना काय सांगू?"

तुझे तीन प्रश्न आहेत. त्यातला काकूंचा आधी घेते. बाकीचे दोन कोशातले आहेत, ते थांबतील.

काकूंनी पत्रक चुकीचं वाचलेलं नाही. ज्याला मराठी येतं त्यानं ते वाक्य जसं वाचावं, तसंच त्यांनी वाचलं. चिडवणं म्हणजे काय? वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा पुढच्या मुलीला चिडवतो. लग्न ठरलेल्या मुलीला सगळं घर चिडवतं. ज्याला मन आहे, ज्याला बोललेलं लागतं, त्यालाच चिडवता येतं. दगडाला कुणी चिडवायला जात नाही. त्यात भर म्हणजे 'वेदनेला' यातला तो 'ला'. आपण 'भाकरी खाल्ली' म्हणतो, 'भाकरीला खाल्लं' म्हणत नाही. पण 'मुलीला पाहिलं' असंच म्हणतो. कर्माला 'ला' लागला की ते बहुतेक वेळा कुणीतरी जितंजागतं असतं. त्या एका अक्षरानं वेदनेचं माणूस झालं आणि पुढच्या शब्दानं त्या माणसाला राग आला. आता कंबर काकूंची, वेदना काकूंची, मग ते रागावलेलं माणूस दुसरं कोण असणार?

आणि त्या जे म्हणाल्या ना, 'घरी सगळे तेच म्हणतात', ते वाक्य मी तीनदा वाचलं. एखाद्या बाईला तिच्या दुखण्याबद्दल बोलताना 'तुझा स्वभावच तापट' असं वर्षानुवर्षं ऐकावं लागत असेल, तर दवाखाना ही तिच्यासाठी एकच जागा उरते जिथे तिचं दुखणं दुखणं म्हणून ऐकलं जाईल. त्या जागेवरून त्यांच्या हातात तो कागद पडला. तुझा हेतू तसा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या हातात हेतू नव्हता, कागद होता.

आता नवऱ्याचं म्हणणं. ॲग्रव्हेट हा शब्द लॅटिनमधून आला. 'ग्राविस' म्हणजे जड. त्यावरून ओझं वाढवणं, आणि मग आधीच असलेलं संकट आणखी जड करणं. वैताग आणणं, चिडवणं हा अर्थ मागाहून आला, पण तोही काल-परवाचा नाही. सतराव्या शतकापासून इंग्रज लोक या अर्थानं तो शब्द वापरत आले आहेत. त्याला नाकं मुरडणं सुरू झालं ते फार उशिरा, १८७० च्या सुमारास. पुढे १९२६ साली फाउलर यांनी इंग्रजी कसं वापरावं यावर कोश काढला. त्यात त्यांनी शेरा मारला की 'चिडवणं' हा अर्थ अशिक्षितांसाठी सोडून द्यावा, तो बहुतांशी बायकांच्या आणि पोरांच्या बोलण्यातला आहे. तुझ्या नवऱ्याच्या शाळेतला नियम याच परंपरेतला. लोकांनी काही तो पाळला नाही. आजही घराघरांत हट्टी पोराला इंग्रजीत 'ॲग्रव्हेटिंग' म्हणतात. तेव्हा अर्थ चुकीचा नाही, फक्त बोलण्यातला आहे, आणि जपून लिहिणारे तो अहवालात, अर्जात टाळतात, एवढंच नवऱ्याला सांग.

फाउलर यांचा तो शेरा मला मात्र टोचत राहतो. शब्दाचा जो अर्थ वैतागाचा, तो बायकांचा म्हणून हलका. काकूंच्या घरात जे चाललं आहे ते यापेक्षा वेगळं नाही.

सर म्हणतात, इंग्रजीत दोन्ही अर्थ आहेत. आहेतच. पण कोणता अर्थ कुठे, हे इंग्रजीत वाक्य ठरवतं. १९८० च्या बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फाशी द्यायची की नाही हे ठरवताना गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणारी आणि ते कमी करणारी, अशी दोन्ही बाजूंची परिस्थिती पाहावी. तिथे 'वाढवणारी' या ठिकाणी इंग्रजीत हाच शब्द आहे. 'गुन्ह्याला चिडवणारी परिस्थिती' असं कुणी मराठी केलं तर सरांनाही ते चालणार नाही. मग कंबरेच्या बाबतीत का चालावं? एका भाषेत एका शब्दात मावलेले दोन अर्थ दुसऱ्या भाषेत एकाच शब्दात मावतील, असं नसतं.

इथे थोडी वाट वाकडी करते, कारण ही गोष्ट तुझ्याच कामाची आहे आणि मला ती फार आवडते. लॅटिनमधला हा 'ग्राविस' आणि संस्कृतातला 'गुरु' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत, असं भाषांची तुलना करणारे अभ्यासक सांगतात. गुरु म्हणजे जड. कवितेतले लघु-गुरू आपण शाळेत मोजले, त्यातला गुरू हाच. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये हलक्याला जो शब्द आहे, 'लेविस', तो संस्कृत 'लघु'चा नातेवाईक. आणि दुखण्याला आराम पडणं, 'रिलीव्ह' होणं, हा शब्द त्या 'लेविस'वरून आला. तुम्ही पेशंटला पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचारता, दुखणं ॲग्रव्हेट कशानं होतं आणि रिलीव्ह कशानं होतं. म्हणजे मुळात विचारता काय? जड कशानं होतं आणि हलकं कशानं होतं. आणि आपले पेशंट कसं बोलतात? 'डोकं जड झालंय.' 'पाय जड पडतात.' 'शेकल्यावर जरा हलकं वाटलं.' तुमच्या पुस्तकात जे लॅटिनमधून आलं, ते काकूंच्या तोंडी आधीपासून आहे. ॲपपेक्षा काकूंना विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

आता 'पित्त खवळतं आणि माणूसही खवळतो' हा सरांचा मुद्दा. हा मुद्दा चांगला आहे, त्याला झटकून टाकता येणार नाही. मराठीत राग आणि बिघाड यांची घरं खरंच शेजारी शेजारी आहेत. डोकं उठलं म्हणजे डोकं दुखायला लागलं, आणि डोकं उठलं म्हणजे कुणीतरी वैताग आणला. तिडीक पोटात येते आणि डोक्यातही जाते. डोकेदुखी औषधाच्या दुकानातही नेते आणि सोसायटीच्या सभेतही भेटते. तळव्यांची आग होते, ती मधुमेहाच्या पेशंटला विचार. आणि तळपायाची आग मस्तकाला गेली की काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. 'त्रास' घे. संस्कृतात त्रास म्हणजे भीती. मराठीत आल्यावर तो दुखण्यालाही लागू झाला आणि छळण्यालाही. गुडघ्याचा त्रास होतो, शेजारी त्रास देतो.

यामागे आयुर्वेदाचीही एक जुनी समजूत आहे. वाग्भट या जुन्या वैद्यानं अष्टांगहृदय या ग्रंथात दोषांच्या, म्हणजे वात, पित्त, कफ यांच्या, दोन अवस्था वेगळ्या सांगितल्या आहेत. दोष आपल्या जागेवरच वाढला तर तो चय. तो आपली वाट सोडून भलत्या वाटेला लागला तर तो कोप. त्याला प्रकोपही म्हणतात. पित्ताचा चय पावसाळ्यात, कोप शरदात, आणि हेमंतात ते शांत होतं. ऑक्टोबरच्या उन्हात घरोघर पित्ताच्या तक्रारी सुरू होतात, तो हाच काळ. आता बघ, हाच 'कोप' शब्द रागाचाही आहे. ऋषी कोपतात, देव कोपतो आणि शरीरातला दोषही कोपतो. 'वाद विकोपाला गेला' आणि 'आजार विकोपाला गेला' असं आपण सहज बोलतो, त्या विकोपातही तो कोप बसलेला आहे. वाट सोडणं ही वाग्भटाची कल्पना रागाला इतकी नेमकी लागू पडते की मला दर वेळी नवल वाटतं. राग मनात असतो तोवर चय. तो जीभेवर, हातावर आला की कोप.

पण या शेजाराची एक काळी बाजूही आहे आणि तुझ्या सरांनी ती पाहायला हवी. बिघाडाला राग म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाचा राग? आणि कुणामुळे? देवीच्या साथी आठवणारी माणसं अजून आहेत. त्या रोगाला नावच देवी होतं. अंगावर फोड आले म्हणजे देवी आल्या, आणि पोर दगावलं तर देवी कोपली. मग कुणाचं काय चुकलं याचा शोध घरातच सुरू व्हायचा. नेमधर्म कुणी मोडला, नवस कुणाचा राहिला. आणि हा शोध बहुतेक वेळा घरातल्या सुनेपाशी येऊन थांबायचा. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. ते लशीमुळे झालं. ज्या बायकांनी तो दोष अंगावर घेतला त्यांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

माझ्या आईचं सांगते. आम्ही रत्नागिरीकडचे. आई दर थोड्या दिवसांनी म्हणायची, 'माझं पित्त खवळलंय.' आणि आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता. ती चिडली आहे, तिच्यापासून जरा लांब राहा. खरंच ती अशा वेळी चिडलेली असायची. भांडी आपटायची, एका शब्दाचं उत्तर द्यायची. मी कॉलेजात होते, मीही तिला म्हटलं आहे, 'आई, रागावू नकोस, म्हणजे पित्त होणार नाही.' सणाला तळणीचं झालं की त्या रात्री हमखास तिचा असा 'राग' निघायचा. कुठे दुखतं, हे आम्ही दोन वर्षं तिला विचारलंच नाही. मावशी एकदा मुक्कामाला आली आणि तिनं विचारलं, तेव्हा आईनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला. मग तपासणी झाली. पित्ताशयात खडे होते, एक-दोन नव्हे, पुष्कळ. शस्त्रक्रिया झाल्यावर तिची भांडी आपटायची थांबली. ती चिडत होती म्हणून दुखत नव्हतं. दुखत होतं म्हणून चिडत होती. शब्द एकच होता, 'खवळलंय'. तिनं तो पोटाबद्दल म्हटला, आम्ही स्वभावाबद्दल ऐकला.

म्हणून सरांना माझं सांगणं असं. पित्त खवळलं, डोकं उठलं, तिडीक गेली, हे शब्द पेशंटनं आपल्याबद्दल म्हणायचे आहेत. ते त्याच्या हक्काचे आहेत, त्याचं सगळं दुखणं त्यात येतं, ते ऐकून घ्यावेत, शक्य तर जसेच्या तसे लिहून घ्यावेत. पण दवाखान्यानं पेशंटला उद्देशून छापायचे ते शब्द नव्हेत. पेशंट 'मी चिडचिडी झालेय' म्हणतो तेव्हा ते गाऱ्हाणं असतं. तेच दवाखान्यानं छापलं की तो ठपका होतो.

आणि खुद्द शब्दाच्या अंगानंही सरांचा मुद्दा टिकत नाही. खवळायला आपल्याकडे ठरावीक गोष्टी आहेत. समुद्र खवळतो, आणि तो शांत व्हावा म्हणून नारळी पौर्णिमेला कोळी त्याला नारळ देतात. मोहोळ खवळतं, बैल खवळतो, पित्त खवळतं, भूक खवळते. कंबर खवळली, गुडघा खवळला असं कुणी म्हणताना तू ऐकलं आहेस का? मराठीत बिघडण्याची क्रियापदं अशी मालकीची आहेत, ज्याचं त्याला. जखम चिघळते. वाद चिघळतो, संपही चिघळतो, पण ताप चिघळत नाही. ताप चढतो. दमा बळावतो. जुनं दुखणं थंडीत उचल खातं, किंवा उफाळून येतं. झोप आणि भूक चाळवते, यातल्या एकीच्या चाळवण्यानं माणूस सुखावतो आणि दुसरीच्या चाळवण्यानं वैतागतो. गळू ठणकतं. खपली काढली की भरत आलेली जखम पुन्हा वाहू लागते. इतकी बारकाईनं घडवलेली हत्यारं हाताशी असताना एका 'चिडवणे'नं सगळं उरकायचं, याचं मला खरंच वाईट वाटतं. यात तुझ्यापेक्षा आम्हा भाषेवाल्यांचाच दोष अधिक. दवाखान्यातले कागद नीट मराठीत करायला आम्ही कधी पुढे होऊन आलो नाही.

कंबरेच्या दुखण्याला काय होतं? ते वाढतं. एवढा साधा शब्द पुरे आहे. मथळा असा कर: 'दुखणं कशानं वाढतं?' आणि त्याच्या जोडीचा: 'कशानं हलकं होतं?' प्रश्न ठेव, विधान करू नकोस. प्रश्न असला की वाचणारा आपलं उत्तर शोधतो, विधान असलं की आपला दोष शोधतो. वाक्य जरा भारदस्त हवं असा सरांचा आग्रह असेल तर 'त्रास वाढवणाऱ्या गोष्टी' चालेल. त्यात 'ला' नाही, आणि वाढवणाऱ्या त्या गोष्टी आहेत, काकू नाहीत. 'वेदना तीव्र करणारे घटक' असलं मात्र काही नको. 'घटक' म्हटलं की वाचणारीला पाकिटावरची यादी आठवते.

मथळ्याखाली जी यादी आहे तीही एकदा बघ. इंग्रजी पत्रकात बहुधा खुर्ची, गाडी, जिम, सोफा असणार. तुझ्याकडे येणाऱ्या बायकांची कंबर कुठे मोडते? वाकून भरलेली बादली उचलताना. जमिनीवर बसून तासभर भाजी निवडताना आणि मग उठताना. ओट्याची उंची आपल्या उंचीला जुळत नसताना रोज दोन वेळा पोळ्या लाटताना. लोकलमध्ये एका पायावर भार देऊन ठाण्यापासून सीएसटीपर्यंत उभं राहताना. ओली चादर पिळताना, गादी उचलून खाली अंथरताना. हे लिही. 'दीर्घकाळ एकाच स्थितीत राहणे' हे वाचून कुणाला आपली गादी आठवणार नाही.

दुखण्याच्या प्रकारांसाठीही पेशंटचे शब्द छाप. कंबर धरते, कंबरेत उसण भरते, चमक निघते, लचक भरते, ठणकते, पायात कळ उतरते, पायाला मुंग्या येतात. हे सगळे एक नव्हेत, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. उसण भरणं आणि पायात कळ उतरणं यांत तुझ्या उपचाराच्या दृष्टीनं केवढा फरक आहे. बोलणाऱ्यानं तो फरक शब्दांत करूनच ठेवला आहे. पत्रकात नुसतं 'वेदना' लिहिलं की तो पुसला जातो.

एक अडचण तुला येईल, ती मीच आधी काढते. मन आणि दुखणं यांचा संबंध खरोखर असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या केली, तिच्यात शरीराची संवेदना आणि भावनेचा अनुभव अशा दोन्ही बाजू आहेत. झोप न होणं, सततची काळजी, यानं जुनी कंबरदुखी अधिक जाणवते, हे तुम्हा लोकांना माहीत असतं आणि ते पेशंटला सांगायलाही हवं. मग काकूंचं वाचन एका परीनं खरंच नव्हे का? नाही. कारण हे सांगायची जागा मथळ्यातलं चुकलेलं क्रियापद नव्हे. ते स्वतंत्र, सरळ, त्यांची बाजू घेऊन सांगायचं: 'झोप अपुरी झाली, मनावर ताण असला, तर दुखणं जास्त जाणवतं. असं होत असेल तर आम्हाला जरूर सांगा, त्यावरही उपाय आहेत.' यात काळजी आहे, झोप आहे, ताण आहे. 'तुम्ही चिडता' हे कुठेही नाही. नेमकं कसं लिहावं ते तुझ्या क्षेत्रातल्या जाणत्यांकडून तपासून घे, मी भाषेपुरतं सांगितलं.

आता काकू. फोन कर, मेसेज नको. 'पुढची अपॉइंटमेंट कधी देऊ' असं सुरू करू नकोस. आधी म्हण, 'काकू, त्या कागदावर मी चुकीचं छापलं होतं. तुम्ही बरोबर वाचलंत, मी चुकीचं लिहिलं होतं. आणि मी हसले, ते तर फारच चुकलं.' एवढंच. ॲपचं नाव घेऊ नकोस, वेळ नव्हता हेही सांगू नकोस. ते खरं असलं तरी काकूंना त्याचा काय उपयोग? त्यांच्याकडून थोडं ऐकायला लागलं तर ऐकून घे. 'कळ काढणं' या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत, दुसऱ्याची आगळीक करणं आणि धीरानं सोसणं. पहिला अर्थ तुझ्या हातून चुकून झाला, दुसऱ्याला तू तयार राहा.

मग त्यांना विचार, 'नवीन कागद करतेय, छापायच्या आधी वाचून द्याल का?' हे उपकार म्हणून नको, कामासाठी हवंय म्हणून विचार. कारण ते खरंच आहे. क्लिनिकमधल्या कुणालाही जे दिसलं नाही ते त्यांना एका वाचनात दिसलं. असा वाचक मिळायला आम्हा लिहिणाऱ्यांना वर्षं लागतात. त्या कदाचित म्हणतील, मला काय कळतं त्यातलं. तेव्हा कागद त्यांच्या हातात दे आणि गप्प बस. कुठल्या शब्दापाशी त्यांचा डोळा अडतो ते बघ.

उरलेल्या जुन्या प्रती मात्र आजच काऊंटरवरून उचल. नवीन छापून येईपर्यंत हातानं लिहिलेला कागद झेरॉक्स करून दे. सरांना खर्चाची काळजी असेल तर हा लेख दाखव.

आणि काकू आल्या की तपासायला घ्यायच्या आधी त्यांना एक गोष्ट विचार, जी मी माझ्या आईला विचारली नाही आणि त्यांच्या घरातही बहुधा कुणी विचारलेली नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय उचलता, काकू? आणि लिहून घे.